मालगाडी मळवण्याचा उद्योग

पाणीवाल्यांनी डोंगर करायला घेतला तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर मावेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बायकोचीही त्यांनी तशीच समजूत करून दिली होती. "टेबलाचा एक कोपरा लागेल फक्त," असं ते म्हणाले होते. पण डोंगराला पायथा लागतो. पायथा म्हटला की शेत आलं, शेत म्हटलं की विहीर आली, आणि विहिरीपासून स्टेशनापर्यंत माणसांना जायला पायवाट नको का? थोड्याच दिवसांत टेबलावर पाण्याचा पेला ठेवायलाही जागा उरली नाही, आणि घरातली दोन माणसं ताटं हातात घेऊन ओट्याला टेकून जेवू लागली.

पाणीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते, एवढ्या भांडवलावर इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव बहाल केलं होतं. नळाला पाणी आलं नाही की लोक त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत, जणू मुख्य व्हॉल्व्ह बंद करून किल्ली त्यांनीच खिशात टाकली आहे. ते बिचारे मान खाली घालून जिना चढत. कोणाला उलट बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

तर त्यांच्या कार्यालयातल्या एकाची बदली झाली आणि जाताना तो आपली खेळण्यातली मालगाडी यांना देऊन गेला. खेळण्यातली असं आपण म्हणायचं. त्या छंदातली माणसं तिला 'मॉडेल' म्हणतात आणि खेळणं म्हटलं तर दुखावतात. बोटभर उंचीचं इंजिन, त्याच्या मागे मालाचे डबे, गोल फिरणारे रूळ. त्याच सुमारास छंदवाल्या मंडळींनी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन जाहीर केलं. विषय, 'खेड्यातली रेल्वे'. पाणीवाल्यांनी जन्मात कधी कशात नाव दिलं नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाही, ऑफिसच्या क्रिकेटमध्ये नाही. त्या दिवशी मात्र कुठून अवसान आलं कोण जाणे, ते नाव देऊन आले, आणि भरीत भर म्हणजे ऑफिसात सांगूनही बसले. आता माघार घ्यायची तर तोंड कुठे लपवायचं हा प्रश्न होता.

डोंगर झाला तो जुनी वर्तमानपत्रं, डिंक आणि प्लास्टर यांचा. शेतं झाली चहाच्या चोथ्याची. चोथा वाळवून, चाळून, डिंकावर पसरला की नांगरलेली जमीन अशी हुबेहूब दिसते की आपण वाकून ढेकूळ उचलायला जावं. मात्र शेताला चोथा फार लागतो. घरात चहाचं प्रमाण वाढलं. कोणी पाहुणा आला आणि उठायला लागला की पाणीवाले कधी नव्हे ते आग्रह करत, "अजून एक कप होऊ द्या. दक्षिणेकडचा तुकडा उघडाच आहे." पाहुण्याला दक्षिणेचा उलगडा होत नसे, पण तो आग्रहाला मान देऊन पुन्हा बसे. भांडी घासायच्या स्क्रबरची झुडपं झाली. आंघोळीच्या स्पंजची झाडं झाली. बायको एक दिवस न्हाणीघरातून बाहेर येऊन म्हणाली, "अहो, माझा स्पंज?" पाणीवाल्यांनी विहिरीच्या काठचं डेरेदार झाड तिला दाखवलं. ती वाकून बघत म्हणाली, "सावली छान पडलीय." तिनं नवा स्पंज आणला, आणि तो मात्र कपाटात कुलपात ठेवला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावर हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे अंदाजकाका म्हणत. डोंगरामागे पुठ्ठ्यावर पाणीवाल्यांनी निळं आकाश आणि त्यात चार पांढरे ढग रंगवले होते. अंदाजकाकांनी चष्मा पुसला, ढग पाहिले, शेत पाहिलं, आणि म्हणाले, "हे ढग आणि हे शेत एका महिन्यातले नाहीत."

"म्हणजे?"

"असे ढग असताना जमीन इतकी कोरडी नसते. एक तर शेत ओलं करा, नाही तर आभाळ बदला."

चोथा पुन्हा ओला करणं परवडणारं नव्हतं. पाणीवाल्यांनी आभाळ बदललं. अंदाजकाका दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, वारा पश्चिमेचा दिसतोय, मग झाडं पूर्वेला झुकायला हवीत. झाडं झुकवली. मग दुपारची वेळ की सकाळची यावर चर्चा झाली. अखेर पाणीवाल्यांनी ढग पार खोडून टाकले आणि फिकट, धुरकट, जरासं पिवळं असं नुसतंच आभाळ फासलं. आणि काय सांगावं, त्या पुठ्ठ्यासमोर उभं राहिलं की खरोखर उन्हाची झळ लागल्यासारखी वाटे. अंदाजकाकाही त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि जाताना नकळत कपाळाचा घाम पुसून गेले.

यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते दारातूनच म्हणाले, "दोन तक्रारी आल्यात. पहिली, तुमच्याकडे बोगद्याचं काम चालू आहे."

"चालू आहे," पाणीवाले म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"कमिटीची परवानगी घेतलीत?"

"अहो, वीतभर बोगदा आहे."

"लांबीचा प्रश्न नाही. बोगदा म्हटला की भिंतीचा प्रश्न येतो. आणि दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तुम्ही फोनवर कोणाला तरी सांगत होतात की घरात वाघिणी आहेत आणि त्या फार स्वच्छ आहेत. हे ऐकणारा माणूस जबाबदार आहे."

मालाच्या डब्याला रेल्वेच्या भाषेत वाघीण म्हणतात हे सेक्रेटरींना समजावून सांगता सांगता पाणीवाल्यांच्या घशाला कोरड पडली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, मी पाहणी करतो. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, डोंगराभोवती एक फेरी मारली, आणि बोगदा आरपार आहे की नाही याची खात्री करून घेण्यासाठी त्यात बोट घातलं. बोट गेलं. परत येईना.

प्लास्टर आतून ओलं होतं ते बोटातल्या अंगठीभोवती बसलं असावं. तेल झालं, साबण झाला. सेक्रेटरी डोंगराला चिकटून अर्धवट वाकलेले, आणि अंदाजकाका त्यांना धीर देत होते की हवेत दमटपणा कमी आहे, प्लास्टर लवकर सुकेल. शेवटी पाणीवाल्यांनीच पटाशी आणली आणि स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या डोंगराची एक बाजू फोडली. सेक्रेटरी मोकळे झाले आणि परवानगीचा एक शब्दही न काढता बोट चोळत निघून गेले.

दुसरा कोणी असता तर त्यानं त्या खिंडाराकडे बघून हात टेकले असते. पाणीवाल्यांनी फुटलेल्या बाजूचे कंगोरे पटाशीनं नीट केले, खाली खड्यांचा ढीग रचला, काडेपेटीच्या काड्यांची एक शिडी लावली, आणि डोंगराला दगडाची खाण लागली. आता या गाडीत काय माल भरतात हाही प्रश्न सुटला होता. तोवर ती गाडी नुसतीच फिरत होती. आता ती कामाला लागली.

उरले डबे. तेच सगळ्यात अवघड होते. कारखान्यातून आलेले ते डबे इतके तकतकीत तांबडे होते की त्या रापलेल्या शेतातून जाताना कोणी तरी लिपस्टिक लावून उन्हात निघाल्यासारखं दिसे. ते मळवायला हवे होते. गंज, धूळ, तेलाचे ओघळ, दगडाची पांढरी भुकटी. पण मळवायचं म्हणजे कुठे, किती? हे पाहायला पाणीवाले एका रविवारी दुर्बीण घेऊन मालधक्क्याच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात शिपायानं त्यांना आत साहेबांकडे नेलं.

"काय बघत होता?" साहेबांनी विचारलं.

"गंज."

"कशावरचा?"

"आपल्या डब्यांवरचा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आमच्या डब्यांवर गंज नाही. तुम्हाला दिसला असेल तर तसं लेखी द्या, मग चौकशी होईल. लेखी द्यायचं नसेल तर तो तुम्हाला दिसलेला नाही."

इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या पाणीवाल्यांना यातलं तर्कशास्त्र तत्काळ पटलं. आपल्याच खात्यातला माणूस भेटल्याचा आनंद त्यांना झाला. "मला गंज दिसलेला नाही," ते म्हणाले, "पण जो दिसलेला नाही तो दाराच्या खालच्या बाजूला जास्त असतो का?" साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बिजागऱ्यांखाली जास्त. छपरावर कमी."

त्यानंतर पाणीवाले घरात कोणाशी बोलेनासे झाले. ऑफिसातून आले की खिडकीशी बसायचे, पातळ केलेला तपकिरी रंग बारीक कुंचल्यानं डब्यावर सोडायचे आणि फडक्याच्या कोपऱ्यानं पुसून घ्यायचे. खडू खरवडून त्याची भुकटी कडांना चोळायचे. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून गंजाचे ठिपके उठवायचे. एकेका डब्याला आपला स्वभाव आला. एक कडेनं पोचे आलेला, एकाच्या दाराखाली लांब ओघळ, एक दगड वाहून वाहून आतून पांढरट झालेला. बायको चहा ठेवायला आली की क्षणभर थांबायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला असं एकाग्र होऊन बसता येतं हे तिनं पाहिलं नव्हतं. ती कप जरा लांब ठेवी, बाही लागून सांडू नये म्हणून. सगळं झाल्यावर वरून वॉर्निशचा एक हात द्यायचा होता, म्हणजे रंग पक्का झाला असता. तो शनिवारी द्यायचा ठरला. रविवारी प्रदर्शन होतं.

गुरुवारी सासूबाई आल्या.

सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता आणि विश्रांतीसाठी त्या लेकीकडे आल्या होत्या. डॉक्टरांनी मोठा काळा चष्मा दिला होता. कित्येक वर्षं त्यांना सगळं जग धुक्यातून दिसत होतं, ते एकदम लख्ख दिसू लागलं, आणि पहिली गोष्ट त्यांना दिसली ती धूळ. सासूबाईंनी उभं आयुष्य धुळीशी वैर धरलं होतं. मधल्या काळात ती आपल्या नजरेआड वाढत राहिली या विचारानं त्या अस्वस्थ झाल्या. शुक्रवारी सकाळी पाणीवाले ऑफिसला गेले, बायको बाजारात गेली, आणि सासूबाईंनी पंख्याची पाती वगळता हाताला येईल ते सगळं पुसून काढलं. मग त्यांची नजर खिडकीतल्या डब्यांवर गेली.

संध्याकाळी पाणीवाले घरी आले तेव्हा डबे गॅलरीत टॉवेलवर ओळीनं वाळत होते. कारखान्यातून निघाले त्या दिवशीही ते इतके तांबडे नसतील.

"जावईबापू," सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "किती मळवून ठेवले होतेत. कडेकपारीतलं निघता निघेना. शेवटी जुना दातांचा ब्रश घेतला तेव्हा कुठे निघालं."

"आई, तुला वाकायला मनाई आहे ना?" बायको कशीबशी म्हणाली.

"वाकले कुठे? बेसिनमध्ये उभ्यानंच धुतले."

पाणीवाले टॉवेलकडे बघत उभे राहिले. त्यांनी एक डबा उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तोंडानं ते एवढंच म्हणाले, "स्वच्छ झालेत." मग हातपाय धुतले, कपडे बदलले, खिडकीशी जाऊन बसले, रंगाच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पहिल्या डब्यापासून पुन्हा सुरुवात केली.

बायकोनं आईला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. सासूबाई तशा कोणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. आरडाओरडा करूनही त्यांचे यजमान कधी त्यांच्यापुढे जिंकले नाहीत, मुलगे जिंकत नाहीत, डोळ्याचा डॉक्टरही जपून बोलत असे. पण त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रात्रीचं ताट न जेवताच बाजूला सारलं. शनिवारी सकाळी पाणीवाल्यांनी रजा टाकली आणि ते कामाला बसले, तशा सासूबाई काळा चष्मा लावून, खुर्ची ओढत ओढत त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"हे होईल तुमच्यानं आजच्या दिवसात?"

"सगळे नाही होणार, आई. कुठे काय होतं तेही आता नीट आठवत नाही. हात जाईल तसं करतोय."

"मला आठवतंय."

पाणीवाल्यांनी कुंचला थांबवला.

"धुतलेत मी ते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तो आणा इकडे. याच्या दाराखाली लांब डाग होता, तीनदा घासला तरी जाईना. इथून सुरू झालेला, खाली येताना डावीकडे वळलेला. या बिजागरीत तर ब्रशाचे केस अडकले. आणि या दुसऱ्याच्या टोकाला हाताच्या तळव्यासारखं काही तरी काळं होतं, त्याला मी राख लावली. तिथे जास्त घाला."

सासूबाईंना खरोखरच एकेक डाग तोंडपाठ होता. कोणता डाग हट्टी होता, कोणता नुसत्या पाण्यानं गेला, कोणत्या फटीत बोट पोचलं नाही. त्या सांगत गेल्या, हे करत गेले. दुपारपर्यंत सासूबाईंनीही हातात कुंचला घेतला होता. सुरुवातीला त्या डाग पाडायच्या आणि सवयीनं लगेच पदरानं पुसायच्या. गंमत म्हणजे पुसल्यावर जे उरे तेच अगदी खरं दिसे. "आई, हेच, असंच," पाणीवाले म्हणत. आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कोणाची शाबासकी घेतली नव्हती, त्या मान खाली घालून पुढच्या डब्याकडे वळत. संध्याकाळी वॉर्निशचा हात दिला तेव्हा गाडी पहिल्यापेक्षा जुनी झाली होती. बायकोनं दोघांच्याही हातात ताटं दिली आणि तिघं ओट्याशी उभ्यानं जेवली. सासूबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

रविवारी सकाळी कळलं की डोंगर दारातून जात नाही. हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण डोंगर घरातच लहानाचा मोठा झाला होता. दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं. डोंगराचं खालचं टोक अंदाजकाकांनी धरलं, वरचं पाणीवाल्यांनी, आणि जिन्याच्या वळणावर, कोणीही बोलावलं नसताना, सेक्रेटरींनी मध्ये खांदा दिला. "खाण माझ्या बाजूला असू द्या," ते म्हणाले. "तिच्यात माझा थोडा वाटा आहे." उत्तरेचं अर्धं शेत जिन्यात सांडलं. ते हॉलवर पोचल्यावर वाचनालयाच्या कँटीनमधल्या चोथ्यानं भरून काढलं. तो जरा ओला होता, पण अंदाजकाका म्हणाले, एखाद्या शेताला पाणी दिलेलं असतंच.

शेजारच्या टेबलावर एका दातांच्या डॉक्टरांची गाडी होती. परदेशातून मागवलेलं इंजिन, पितळी दांडे, चकचकीत हिरवा रंग, आणि खेडं असं नीटनेटकं की तिथे कोणी राहत असेल असं वाटू नये. लोक आधी तिथे थांबत. मग इकडे येत, आणि इथे मात्र त्यांचे आवाज खाली येत. एक म्हातारे गृहस्थ टेबलाशी उभे राहून गाडी किती तरी वेळ फिरताना बघत राहिले, गाडी खाणीपाशी आली की मान पुढे काढायचे. परीक्षक आले. त्यांनी एका डब्यावरून बोट फिरवून बोटाला काही लागतं का ते पाहिलं. सासूबाई काळा चष्मा लावून टेबलाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "हात लावू नका," त्या म्हणाल्या. "फार कष्टानं घाण केलीय."

पहिलं बक्षीस डॉक्टरांना मिळालं. दुसरं पाणीवाल्यांना. नाव पुकारलं तेव्हा ते उठले. त्यांनी चार वाक्यांचं भाषण आरशासमोर पाठ केलं होतं. अर्ध्या वाटेत ते थांबले, मागे आले, आणि सासूबाईंपुढे हात केला. पायऱ्या त्यांना एका डोळ्यानं नीट दिसल्या नसत्या, हे खरंच; पण कारण तेवढंच नव्हतं. दोघं बरोबर व्यासपीठावर चढली. माईक पाणीवाल्यांच्या हातात जायचा तो मध्येच सासूबाईंनी घेतला.

"हे डबे मी धुऊन टाकले होते," त्या म्हणाल्या. हॉलमध्ये हशा पिकला. तो संपेपर्यंत त्या थांबल्या. "महिन्याभराचं काम होतं यांचं. घरी आले, बघितलं, आणि मला एक शब्द बोलले नाहीत. भांडं नाही आपटलं, दार नाही आपटलं. बसले आणि पहिल्यापासून सुरू केलं. माझ्या घरात सगळी मोठ्या आवाजाची माणसं झाली, त्यांत मी पहिली. असा माणूस मी पाहिला नव्हता. डोळा उघडल्यावर बरंच काही दिसलं, त्यात हे एक चांगलं दिसलं."

टाळ्या झाल्या. बायको खाली बसून पदरानं डोळे टिपत होती, आणि अंदाजकाका आभाळाचा अंदाज घ्यावा तसे छताकडे बघत होते. पाणीवाल्यांना पाठ केलेल्या चार वाक्यांतलं एकही आठवेना. ते "धन्यवाद" म्हणाले, माईक किंचाळला, आणि ते सासूबाईंचा हात धरून पायऱ्या उतरू लागले.

शेवटच्या पायरीवर सासूबाई थबकल्या. काळा चष्मा किंचित वर करून त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं आणि पाणीवाल्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांचं ते इंजिन पाहिलंत का, जावईबापू? किती स्वच्छ. बघवत नाही हो."